मेंढरं दिसत न्हाईत

प्रिय सत्यशीला,

वनमालाबाईंचं पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. घातल्यास तरी शेवटपर्यंत वाच. वाचायला तुला मीच शिकवलंय.

दिवाळीत माझी नात सायली आली होती. ती मानसशास्त्र शिकते, म्हणजे सुट्टीत आजीवर प्रयोग करते. मला कोऱ्या भिंतीसमोर बसवून तिनं उमापूरच्या शाळेतला माझा वर्ग आठवायला लावला. मी फळा सांगितला, नकाशा सांगितला, खिडकी सांगितली. तिनं मोबाईलवर माझे डोळे टिपले होते. नकाशा म्हणताना ते उजवीकडे गेलेले, खिडकी म्हणताना डावीकडे. मग तिनं भिंतीवर एक टिकली चिकटवली आणि तिच्यावरून नजर हलवायची नाही, असं बजावलं. वर्ग पुसट झाला. एकोणतीस वर्षं जिथं उभी राहिले, तिथलं मला धड सांगता येईना. मी चिडले. सायली म्हणाली, आठवताना डोळे मनातल्या चित्रावरून फिरतात. त्यांना अडवलं की चित्रही अडतं.

त्या खिडकीपाशी तू बसायचीस. तुमच्या कळपात काळी मेंढरं किती, असं मी तोंडी गणितात विचारलं, तेव्हा तू छताकडे बघत हळूहळू नजर सरकवू लागलीस. मला कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलेलं, उत्तर देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं. मी तुझी हनुवटी धरून तोंड वळवलं. तू म्हणालीस, "बाई, तुमच्याकडं बघितलं की मेंढरं दिसत न्हाईत." वर्ग हसला. उलट बोललीस म्हणून मी तुला दाराबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आली नाहीस.

गेल्या सोमवारी शाळेवरून जाताना दिसलं, नव्या बाई तुझ्या लेकीची, संगीताची हनुवटी धरून उभ्या. मी आत शिरून त्यांची खरडपट्टी काढली. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, मी तुमच्याच हाताखाली शिकले." मी तशीच बाहेर पडले. असं माझं सहसा होत नाही.

आता कळलं, तू संगीताला शाळेतून काढून चकलांब्याच्या माळावर मेंढरांमागे नेलंस. चूक तिची नाही, तुझीही नव्हती. माझी होती. तिला परत पाठव. मी रोज तिच्या शेजारी बसेन; तिला हवं तिकडे बघू दे, तिचं मोजून होईस्तोवर कुणी हात लावणार नाही. आणि तिला सोडायला तू स्वतः ये. काळी मेंढरं किती होती, ते मला अजून कळलेलं नाही. सांगताना माझ्याकडे बघू नकोस.

तुझीच,
वनमालाबाई