जागीच गेला

वलगाव, २ डिसेंबर

आज यांच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार घरी आले होते. भिंतीवरच्या वीरचक्राला त्यांनी सॅल्यूट केला. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा सुभेदारांनी हळू आवाजात मला हिंदीत सांगितलं, जे इतकी वर्षं त्यांनी मनात ठेवलं होतं.

हे जागीच गेले, असं पत्रात होतं. तसं नव्हतं. पहाटेपर्यंत जिवंत होते. पाणी मागत होते. पोटात गोळी लागलेली, म्हणून पाणी द्यायचं नव्हतं. सुभेदारांनी नुसता ओला रुमाल ओठांवरून फिरवला. पाणी मागत होते...

आणि आई पंचवीस वर्षं येईल त्याला एकच सांगतात, "माह्या लेकाले तरास नाही झाला. जागीच गेला." त्याच एका वाक्यावर तर त्या तगल्या. आता हे त्यांना सांगू? कोणत्या तोंडानं?

पाहुणे गेल्यावर आईंनी विचारलं, "काय म्हनत होता तो?"

"काही नाही, आई. हे जागीच गेले म्हणाले."

त्यांनी हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "पानी मांगत होता. मले मालूम हाय. पहिल्याच वर्षी एक जवान सांगून गेला. तू एकवीस वर्षाची, तुह्या अंगावर पिती पोरगी. तुले कशी सांगू? म्हनून सगळ्याईले तसं सांगत राहिली, तुह्या कानावर पडावं म्हनून."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींसमोर कधी रडलो नव्हतो. आज रडलो.