सहा थेंब एरंडेल

अप्पा, तुमचा ट्रॅक्टर काल पुन्हा एका सुरात चालला. हे तुम्हाला कळवावं असं वाटलं म्हणून कागद घेऊन बसले. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा पत्त्याची जागा कोरीच राहणार.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुरीच्या दिवसांत मी गावी, खजुरीलाच असते. जमीन तुम्ही ज्यांना वाट्यानं दिली होती तेच अजून करतात. तुमच्या हाताखाली ट्रॅक्टर शिकले तेव्हा त्यांना मिशाही नीट फुटल्या नव्हत्या, आता नातवंडं आहेत. नांगरट दुसऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनं होते, आपला म्हातारा फक्त मळणी यंत्राचा पट्टा फिरवायला काढतात. यंदा तेवढंही होईना. इंजिन सुरू केलं की आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, जणू कोणी धापा टाकतंय. पट्टा कधी उडायचा, कधी दाणा फुटायचा. धाकट्या भावानं पुण्याहून फोनवर सांगितलं, "अक्का, टाक की देऊन. मी हुमनाबादच्या भंगारवाल्याशी बोललोय, सोमवारी गाडी येईल." मी म्हणाले, त्याआधी एकदा दाखवते. तो हसला. पण त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं की मळणीला टिकला तर राहील, नाही टिकला तर जाईल.

वाटेकरी चिटगुप्प्याहून एक म्हातारे मिस्त्री घेऊन आले. पांढरी दाढी, जाड चष्मा, आणि पिशवीत नट-बोल्टाचे जेमतेम सहा पाने. आल्या आल्या त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. मग विचारलं, "ये रेसचा स्क्रू किन्ने इतका कसून ठेवला?" वाटेकरी म्हणाले, "इंजन बंद पडायलं म्हणून ज्यो आला त्यो थोडाथोडा कसत गेला, चाचा." "हौ. बुखार कुणी बघितला न्हाई, नुसती रजई वाढवली." मला हसू आलं. तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं, पण ह्याहून नेमकं वाक्य वर्गात कधी सुचलं नाही.

डिझेलचा फिल्टर काढला, स्वच्छ होता. नळीतली हवा काढली, फरक नाही. मग ते गव्हर्नरकडे वळले. तुम्हाला काय सांगायचं, पण मला आत्ता कुठे कळलं म्हणून लिहिते. इंजिन जी हवा आत ओढतं, तिच्याच ओढीनं एका डब्यातला चामड्याचा गोल पडदा मागे-पुढे होतो आणि पंपातून डिझेल कमी-जास्त सोडतो. ओझं वाढलं की जास्त, हलकं झालं की कमी. पडदा मऊ हवा, नाहीतर तो उशिरा हलतो आणि हलला की जरुरीपेक्षा जास्त हलतो. मिस्त्रींनी इंजिन बंद करायची दांडी ओढून धरली, हवेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि दांडी सोडली. पडदा धड असता तर आत हवा शिरायला वाट मिळाली नसती आणि दांडी जागीच थांबली असती. ती सरळ परत आली. "चमडा गया," ते म्हणाले.

डबा उघडला. आतला पडदा उन्हात विसरलेल्या चपलेसारखा कडक झाला होता. मिस्त्रींनी तो सूर्याकडे धरला आणि आम्ही तिघं खालून बघत राहिलो. कुठे उजेड दिसला असता तर सोमवारची गाडी नक्की होती, कारण असा पडदा आता मिळत नाही. उजेड दिसला नाही. "फुटला न्हाई. वाळलाय नुसता, म्हणून कडेनं हवा खातोय. पण अक्का, ह्याला तेल लागतं बरस में एक-दो बार. ये बघा, टोपणावर त्यासाठीच स्क्रू दिलाय. चमड्यावर जुन्या एरंडेलाचा डाग हाय. मालिक देत होता. मग किन्ने बंद केलं?"

अप्पा, त्या छोट्या स्क्रूकडे बघताना मला एक कारहुणवी आठवली, आपला बैलांचा सण. मी तेरा वर्षांची आहे, गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंट हॉस्टेलवरून सुट्टीला आले आहे, अंगात पांढरा फ्रॉक आहे. अंगणात बैल धुतलेत, शिंगं रंगवलीत, त्यांना करडईचं तेल पाजणं चाललंय. ते झाल्यावर तुम्ही दुसरी, वेगळी बाटली घेऊन ट्रॅक्टरकडे जाता, एक स्क्रू काढता आणि थेंब टाकायला वाकता. गडी माणसं हात जोडून उभी आहेत. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणते, "अप्पा, मशीनला कशाला पाजताय? सिस्टर म्हणतात ही अंधश्रद्धा आहे." तुम्ही रागावत नाही. म्हणता, "बैलाला त्वांड हाय, त्यो हंबरून मागतोय. ह्यानं कसं मागावं?" आणि बाटली माझ्यापुढे धरता. "धर, सहा थेंब टाक. मोजून." मी हात मागे घेते. फ्रॉकला डाग पडेल, असं सांगते. तुम्ही "बरं" म्हणता आणि ते सहा थेंब स्वतःच टाकता. बाटली वेगळी का, थेंब सहाच का, हे विचारायला मला एक क्षण पुरला असता. विज्ञानात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते.

तुम्ही गेल्यावर पहिल्या कारहुणवीला वाटेकऱ्यांनी विचारलं होतं, "अक्का, अप्पा ट्रॅक्टरला तेल द्यायचे. देऊ का?" मी म्हणाले, "कशाला तसलं काही? हार घाला, पुरे." त्यांनी हार घातला. मग दरवर्षी हारच घालत आले.

मिस्त्री उत्तराची वाट बघत होते. वाटेकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच. मग खाली बघून पाना पुसत म्हणाले, "आमीच इसरलो चाचा. कामाच्या गडबडीत ध्यानात ऱ्हात न्हाई." मिस्त्री त्यांच्यावर चढले. "कामून इसरला रे? खाना खायला इसरतोस का?" वाटेकरी हसले. मी चहा ठेवायला आत गेले.

पडदा दोन दिवस परातीत एरंडेलात बुडवून ठेवला होता. मिस्त्री परत आले तेव्हा त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांनी मळून मळून असा मऊ केला की हातावर लोंबायला लागला. डबा बंद केल्यावर मला बोलावून म्हणाले, "अक्का, तुम्ही बघा अंगठा लावून." मी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला, त्यांनी दांडी सोडली. ती थांबली. आतून माझा अंगठा कुणीतरी धरून ठेवल्यासारखा ओढला गेला. मग त्यांनी रेसचा स्क्रू सैल करत करत मूळ जागी आणला आणि वाटेकऱ्यांनी पट्टा चढवला. तुरीचा मोठा भारा आत गेला की आवाज जरासा दबायचा आणि लगेच सावरायचा. दुपारपर्यंत अर्धी रास झाली. मी धाकट्याला फोन लावून तो इंजिनजवळ धरला. त्यानं बराच वेळ ऐकलं. म्हणाला, "बरं, गाडीवाल्याला नको म्हणून सांगतो."

संध्याकाळी वाटेकरी ट्रॅक्टरवर ताडपत्री घालत होते. मी टूलबॉक्समध्ये एरंडेलाची नवी बाटली ठेवली. ते म्हणाले, "अक्का, कारहुणवीला तेल द्यायचं का?" अगदी त्याच आवाजात, एकोणीस वर्षांपूर्वी विचारलं होतं तसंच. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "द्यायचं. सहा थेंब." ते "व्हय" म्हणाले आणि दोरी बांधू लागले.

तेल मी बंद केलं होतं, हे तेव्हा म्हणता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. आता तुम्हाला लिहिलंय, पण सांगायचं त्यांना आहे, आणि ते मी अजून सांगितलेलं नाही.