हलका हात

मंगळवार, ता. १४

चि. चिमी हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस, खबर आईची आहे.

तुझी तीन पत्रं आली. उत्तर गेलं नाही, कारण तिचा उजवा हात सुजला आहे, पेन धरवत नाही. तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. मी मारलेलं नाही. गेल्या वर्षी तिच्या छातीतली गाठ काढली, सोबत काखेतल्या गाठीही काढल्या. तुला कळवू नका म्हणाली. काखेतून अंगातलं पाणी वाहून जातं म्हणे. ती वाट बंद झाली की हातात साठतं. हे आता जन्मभराचं आहे.

गॅरेज बंद केलं. ठोकायचे सगळे हातोडे देऊन टाकले, एक सोडून.

दवाखान्यातल्या बाईंनी मला मालिश शिकवलं. आधी पोटातून श्वास, मग मान, मग चांगल्या बाजूची काख, मग दंड, शेवटी बोटं. तेल नाही, जोर नाही, नुसती कातडी सरकवायची. मी म्हटलं, ''एवढ्यानं काय होणार? गाडीच्या पत्र्याचा पोचा काढायचा तर दाब लागतोच.'' त्या म्हणाल्या, ''काका, पत्रा नाही, बायको आहे.'' तुझी आई हसली. मला हसू आलं नाही.

आता पुढचं. सगळं लिहा, नाहीतर पत्र टाकू नका, असं तिने बजावलं आहे.

बाई आठवड्याने हात मोजणार होत्या आणि सूज बोटभर वाढलेली. मला धीर निघाला नाही. मी बोटांकडून सुरुवात केली आणि मुठीत धरून पिळत वर नेलं, ट्यूब पिळावी तसं. ती ''बास'' म्हणाली. मी म्हटलं, जरा सोस. तिने डोळे मिटून डावा हात डोक्यावर आडवा धरला.

ते मी ओळखलं. गिऱ्हाइकाच्या गाडीच्या ओल्या रंगावर तिचं बोट लागलं म्हणून मी लाकडी हातोडा उचलला, तेव्हा तिने उजवा असाच धरला होता. कोपर फुटल्याचा आवाज तू ऐकलास. दुसरा घाव तू पडू दिला नाहीस, हातोडा हिसकून माझ्या खांद्यावर घातलास आणि निघून गेलीस. शिडीवरून पडलो असं मी लोकांना सांगितलं, तुझ्यासाठी नव्हे, लाजेनं. अकरा वर्षं झाली. सुजलाय तो हाच हात.

पिळला तिथे कातडी फुटली, हात लालभडक झाला, ताप चढला. पाच दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी विचारलं, ''हे कशानं?'' ती म्हणाली, ''दारात चेंगरला.'' मी म्हटलं, ''मी केलं.''

नंतर बाईंनी माझ्याकडून माझ्याच हातावर करवून घेतलं. म्हणाल्या, ''काका, तुमचा हात हलका आहे की.'' तेव्हा मला आठवलं, पोचा काढून झाला की मी डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचो, उंचवटा राहिला का बघायला. हलका हात मला येत होता, चिमे. तो मी पत्र्याला दिला.

बाई आठवड्यातून दोनदा येतात. मालिश रोज हवं, नाहीतर हात दगडासारखा होईल. पण तुझी आई मला शिवू देत नाही. ''चिमी समोर बसली तर लावा हात, नाहीतर नको,'' म्हणते. रागाने नाही, मीठ मागावं तसं.

म्हणून ये. माझ्याशी बोलू नकोस. लाकडी हातोडा दारामागे ठेवला आहे, तुझ्या हाताला लागेल असा. माझा हात जड पडला, तर या वेळी खांद्यावर थांबू नकोस.

वाट बघणारा,
तुझ्या आईचा नवरा