काकाने विणलेलं कुंपण

बाबा, आपल्या घरी आता बकऱ्या आहेत, हे तुला आधी सांगायला हवं. तू देवाघरी गेलास तेव्हा मी दहावीत होते आणि आपल्या घराला माशांशिवाय दुसरा वास नव्हता. मग तलावावर काका एकटाच जाऊ लागला आणि मायने माहेराहून एक बकरी आणली. "दुधाले होईल," म्हणाली. दूध कोणी प्यायलं नाही, बकऱ्या मात्र वाढत गेल्या. मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. निकालाच्या दिवशी पेढे वाटता वाटता मी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की मी शहरात जाणार नाही, गावातच राहून काहीतरी उभं करीन. काय उभं करशील, असं कोणी विचारलं नाही. बरं झालं, मलाही ठाऊक नव्हतं.

यंदा पावसाळा सरता सरता बिबट्याने अंगणातून एक बकरी उचलली. दिवेलागणीची वेळ, माय तिथेच भांडी घासत होती. त्या दिवसापासून तिने उरलेल्या सहा स्वयंपाकघरात बांधल्या. मी सकाळी चहा ठेवायला जाते तर चुलीच्या ओट्यावर एक उभी, पिठाच्या डब्यात एकीचं तोंड, आणि माय भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेतेय. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं. "येत्या शुक्रवारी साऱ्या विकून टाकतो. घराले कुलूप लावतो, भावाकडे जातो. तू नागपूरले जाय." नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून मला नोकरीसाठी फोन आला होता, हे तिला माहीत होतं. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले होते. मी म्हटलं, शुक्रवारच्या आत पक्कं कुंपण बांधते, मग तर विकणार नाहीस? ती म्हणाली, "बांध. मी काय तुया हात धरतो का?"

घरामागची आपली जागा तुला आठवतच असेल. वर बोटभर माती, खाली अखंड खडक. तुळशीसाठीसुद्धा तू तलावावरून डब्यात माती आणली होतीस. मी सब्बल मारली की ठिणगी उडायची आणि सब्बल माझ्याच अंगावर परत यायची. अर्ध्या दिवसात जो खड्डा झाला त्यात वाटी बसली असती. मग मी मोबाइलवर शोधलं. जमीन खोदता येत नसेल तर जाळीची उभी पिंपं करायची, मधे लोखंडी खांब धरायचा आणि भोवती दगड भरायचे. दगड आपल्याकडे हवे तेवढे. राजुऱ्याहून जाळीचं बंडल एसटीने आणलं. त्याला खिडकीजवळची सीट मिळाली आणि मी उभी. कंडक्टर म्हणाला, "हे तुमच्या संगं हाये का, ताई? अर्धं तिकीट लागन." मी गंभीरपणे पैसे काढायला लागले, तेव्हा पूर्ण बस हसली.

काका दगड भरायला आला आणि पहिल्या पिंपापासूनच त्याने ते काम माझ्या हातून काढून घेतलं. त्याच्या लेखी ते कुंपण नव्हतंच. "जाळं कोणी जमिनीत गाडते का वं? खाली वजन दे, वरून ताण दे, आपोआप उभं राह्यते." जाळीची खालची कड त्याने हातभर बाहेर पसरली आणि तिच्यावर दगड ओळीने मांडले, तुम्ही दोघे जाळ्याच्या काठाला शिसं लावायचात तसे. मला वरचा दोर धरायला सांगितलं आणि मी एकदम पाचवीतली झाले. पहाटेचा तलाव, तू पाण्यात छातीभर उभा, मी काठावर एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात भूगोल. दोर ढिला पडतो, मासे निसटतात, आणि तू तिथूनच ओरडतोस, "पुस्तक धर नाई तं दोर धर. दोन्ही धरू नको." मी रडले होते. त्याच आठवड्यात तू बाजारातून नवी कंपासपेटी आणलीस. तिच्या झाकणावर खवले चिकटलेले होते आणि शाळेत माझ्या बाकावर कोणी बसेना.

अडलं ते दारापाशी. दाराचं वजन पडलं की दगडाचं पिंप डुलायचं. काका बराच वेळ बिडी ओढत बसला, मग बांबू चिरायला घेतला. मासे धरायच्या पिंजऱ्याला असतं तसंच निमुळतं तोंड त्याने बनवलं, फक्त बकरीच्या मापाचं. कामट्यांची टोकं आत वळवलेली. ढकललं की वाट देतात, परत फिरलं की टोचतात. "संध्याकाळी आपल्या आपण आत जातीन. दार लावाची झंझटच नाई." मी भारावून गेले, बाबा. मायसमोर उभं राहून मी स्थानिक ज्ञानाचं महत्त्व यावर चांगलं दहा मिनिटं बोलले. माय लसूण सोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणात आपल्या सहा, शेजारच्या बाईच्या चार आणि एक ओशाळलेला कुत्रा होता. एकालाही बाहेर येता येत नव्हतं. शेजारीण कमरेवर हात ठेवून हजर. "चोरीचाच धंदा कराचा होता तं पहिले सांगाचं, बाई. मीच आणून देल्या असत्या."

"तुया बकऱ्याइले तुयं घर आवडत नाई, मी काय करू?" माय म्हणाली.

"अन् ते तांबडी? ते बी माहीच हाये."

"ते माह्या लुगड्यावर जन्मली. लुगडं आणून दाखवू का?"

एवढा गलका ऐकून रस्त्याने जाणारा वनरक्षक आत आला. त्याने बांबूच्या तोंडाला वाकून पाहिलं, हात घालून पाहिला, हात अडकला. काकाने सोडवल्यावर तो मला म्हणाला, "ताई, बिबट्यासाठी पिंजरा लावाले परवानगी लागते."

"साहेब, हे कुंपण आहे."

"मंग बाहेर निघाचं कुठून?"

"निघाचं काऊन?" काकाने विचारलं.

बकऱ्यांना चरायला जावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, माझ्याही. मासा एकदाच आत जातो. शिवाय, वनरक्षक म्हणाला, जिथून शेजारच्या बकऱ्या आल्या तिथून बिबट्याही आला असता, आणि त्यालाही जाता आलं नसतं. आम्ही ते तोंड काढलं, दोन-दोन पिंपं एकमेकांना तारेने बांधून आडवा लोखंडी दांडा टाकला, तेव्हा कुठे खांब हलायचे थांबले. काकाच्या मोडक्या डोंग्याच्या फळ्यांचं दार झालं, वर बोरीच्या काट्या बाहेर झुकवून बांधल्या. गुरुवारी संध्याकाळी काकाने जाळीला खांदा देऊन पाहिला. जाळी हलली नाही, काका हलला.

शुक्रवारी बाजाराला जाता जाता व्यापारी दारात थांबला. मायनेच आधी निरोप धाडला होता. माय कुंपणाच्या दाराला पाठ लावून बसलेली. त्याने एक दाखवली, ती गाभण निघाली. दुसरी लंगडते, "तुले तरास होईल." तिसरी म्हणे मायचं तोंड पाहिल्याशिवाय खात नाही. शेवटी तो वैतागला. "बाई, विकाच्या नाई तं बोलावलं काऊन?"

"कुंपण दाखवाले," माय म्हणाली.

त्याने बिचाऱ्याने सगळीकडून फिरून पाहिलं, चांगलं आहे म्हणाला आणि गेला. सोमवारी मी नागपूरला फोन करून नकार कळवला. काका सगळ्या गावाला सांगत फिरतो की पोरीने शब्द पाळला. आता आणखी दोन घरांनी कुंपणासाठी विचारलं आहे, त्यात एक शेजारीण.

हे पत्र मी कुठेच पाठवणार नाही. मायच्या हाती लागलं तर ती उद्याच त्या व्यापाऱ्याला परत बोलावेल. म्हणून तुला एकट्याला सांगते. काका आणि मी दगड भरत होतो त्या सगळ्या दिवसांत, मनातल्या मनात, मी नागपूरच्या खोलीसाठी पडदे निवडत होते. निळे ठरले होते.