नागीण आणि हातबोशी

३० जानेवारी १९६२, मंगळवार
डाव्या बरगडीखाली आग, फोडांचा पट्टा. नागीण. मलकावहिनीचा लगेच हुकूम: "वन्सं, तुम्ही मागच्या खोलीत. नाओमीला मी बघते." बघणारच! पोरीला अक्षरं मी शिकवली, झोपायची आत्याआजीच्या कुशीत. पण सख्खी आजी ती. मार्चअखेर माझा भाचा शालोम, त्याची बायको, नाओमी आणि मलकावहिनी (इथून पुढे नुसतं म.) बोटीने इस्रायलला. "आत्याला पनवेल सुटणार नाही," शालोम परस्पर म्हणाला. मला विचारलं कोणी?

४ फेब्रु., रविवार
शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागल्यावर हातबोशी झाली, थोरांचे हात चुंबायची आमची रीत. नाओमीने म.चे हात हातात घेतले, मग स्वतःची बोटं ओठांना लावली. मी दाराआडून पाहत होते. फोडांना नुकतंच औषध लावलेलं, तसेच हात पुढे केले. "नाओमी, माझी राहिली." आली पळत. म्हणाली, "तुझ्या हाताला दवाखान्याचा वास येतो." म.च्या हाताला नारळाचा येतो. असो.

१८ फेब्रु.
माझ्या खपल्या पडल्या. नाओमीच्या पोटापाठीवर पाणी भरलेले फोड: कांजिण्या. म.ला सोडलं नाही. "न्या आणखी मासळीबाजारात मिरवायला! आणलात ना रोग?" म. रडली. बरं वाटलं.

१९ फेब्रु.
डॉक्टरांना दारात गाठलं. ते म्हणाले, "बाई, बाजाराला दोष नको. तुमची नागीण आणि हिच्या कांजिण्या, व्हायरस एकच. लहानपणी तुमच्या कांजिण्या गेल्या, तो गेला नाही. कण्याजवळच्या मज्जातंतूंत दडून राहिला. वय झालं, उठला."
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने खाजवू नये म्हणून माझ्या हातांना मोजे बांधले होते. तेव्हापासून माझ्यात! जन्मभर शाळेत जंतू शिकवले. हा तसला जंतूही नव्हे. एकटा असला की मेल्यासारखा. दुसऱ्याच्या पेशीत शिरला की तिथलंच सगळं वापरून आपली प्रजा वाढवतो.
"आमच्या वहिनीसारखा," मी म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत. "फोडांचं पाणी तुमच्या हाताला लागलं असेल, आणि हात हिला."
हातबोशी.
ज्यांना कांजिण्या आल्या नाहीत त्यांनी लांब राहायचं. म.ला कधीच आल्या नाहीत. म. बाहेर, नाओमी माझ्या खोलीत, बोट पुढे ढकलली. बाजाराचं मी कोणापाशी सुधारलं नाही.

२२ फेब्रु.
औषध मी लावते, गोष्टी मी सांगते, पोरीचं एकच, "आजी कुठंय?" म. खिडकीबाहेर, आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलतेय. दुपारी माझा डोळा लागला. उठते तो म. खाटेवर, नाओमी तिच्या कुशीत.
"वहिनी, तुम्हाला होईल!"
"होऊ दे, वन्सं. बाजारातनं मीच आणला ना? मग मलाही होऊ दे."
मी नाओमीचं पांघरूण सारखं केलं.

७ मार्च
नाओमी अंगणात खेळते. म.ला सणसणून ताप, गळ्यापाशी फोड. मोठ्या वयात जड जातं, डॉक्टर म्हणाले. उशाशी मी, मला आता भय नाही.
वाटलं होतं, तिकडे गेली तरी माझं एवढं तरी पोरीच्या पाठीत निजून राहील, म्हातारी होईपर्यंत. कुणाला काढता येणार नाही. आता म.च्याही पाठीत राहणार. आणि तिला तो नाओमीने दिलेला.
संध्याकाळी म.ने तापातच हात पुढे केला. घेतला. "वहिनी, बाजारातनं नव्हे, ते..." एवढ्यात दारातून नाओमीची हाक.
"आजी!"
आम्ही दोघींनी मान वळवली.