पॅरिसचा समुद्र

अब्बा, गेल्या आठवड्यात मी पॅरिसला जाऊन आले. मुलाच्या शाळेला सुट्टी, नवऱ्याला कधी नव्हे ती सलग दहा दिवसांची रजा, म्हणून गेलो. आता परत अल नहदाच्या घरी आहे, चौदाव्या मजल्यावर. सुटकेसमधले कपडे अजून तसेच आहेत आणि मी तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी मशीन लाव, मग काय ते लिही.

सगळं त्या फोटोपासून सुरू झालं. तुम्ही इथे शारजात उंच इमारतींना काचा बसवायचात, आम्ही रत्नागिरीकडे गावी. दर ईदेला तुमचा स्टुडिओतला फोटो यायचा. त्या वर्षी स्टुडिओवाल्याने मागे पॅरिसच्या टॉवरचा रंगवलेला पडदा लावला, अंगात त्याचाच कोट चढवला, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून ऐटीत उभे राहिलात. तुम्हाला वाटलं, घरचे हसतील. अम्मीला ते खरंच वाटलं. कंपनीने आमच्या माणसाला पॅरिसला नेलं, असं तिने गावभर करून टाकलं. तुम्हाला हे कळेपर्यंत निम्मा मोहल्ला फोटो बघून गेला होता, आणि मग तुम्हीही मूग गिळून बसलात. मी तेव्हा सातवीत. तुम्हाला आवाज भरून पाठवायच्या कॅसेटमध्ये मी विचारलं, अब्बा, त्या टॉवरवरून काय काय दिसतं?

तुमच्या उत्तराची कॅसेट मला अजून पाठ आहे. "बाय, वर गेलं की आधी समुद्र दिसतो. खाडी वळून आत येते, तिच्यात लाकडी गलबतं, त्यांच्यावर कांद्याची पोती. खाली गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. त्याच्या पलीकडे नुसती वाळू." मी हे वर्गात उभी राहून धडाधडा म्हणून दाखवलं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "पॅरिसला समुद्र कुठून आला गं? तुझ्या अब्बांनी नेला?" वर्गाची हसून पुरेवाट. वर्षभर पोरं मला चिडवत होती, आणि त्याचा सगळा राग मी तुमच्यासाठी राखून ठेवला.

तुम्ही सुट्टीवर आलात. पडवीत माणसं बसली होती, अम्मी चहा देत होती, आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अब्बा खोटारडे आहेत. ते पॅरिसला गेलेच नाहीत." चाचा उगाच खोकले. तुम्ही बशीतला चहा संपवलात, बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पोरगी बरोबर बोलतेय." नंतर आत अम्मीने माझ्यावर हात उगारला तर तो तुम्हीच धरलात. तरी मी दीड महिना तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही आणलेल्या फ्रॉकची घडीसुद्धा मोडली नाही. किती माज होता मला, अब्बा.

तर गेल्या आठवड्यात त्याच टॉवरवर मी उभी आहे. वारा कान फाडतोय. खाली सगळी घरं एका उंचीची, ताटात थापून कापलेल्या वड्यांसारखी, आणि मधून नदी. मुलगा म्हणतो, "मम्मा, सेम हाइट, सो बोरिंग. दुबई इज बेटर." आणि मी येडी चारही बाजूंनी फिरून समुद्र शोधतेय. तुमचा समुद्र शारजाचा होता, हे मला लग्न होऊन इथे आले त्याच वर्षी कळलं होतं. खाडी, गलबतं, कांदे, सगळं बघितलं होतं. पण तिथे वर उभं राहिल्यावर डोक्यात उजेड पडला. पॅरिसबद्दल कोणालाही विचारून चार गोष्टी सांगता आल्या असत्या तुम्हाला. तुम्ही मला इमारतीबाहेर दोरांवर टांगलेल्या तुमच्या पाळण्यातून, काचा बसवताना जे दिसायचं ते सांगितलंत. मी वरून काय दिसतं विचारलं होतं, आणि तुम्हाला तेच एक 'वरून' ठाऊक होतं. मला रडू आलं. मुलगा म्हणाला, "आर यू क्रायिंग?" म्हटलं, वारा आहे.

तिथूनच गावी अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. चष्मा पुसत ती फोनच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "काय गो, समुद्र दिसतो काय?" म्हटलं, "दिसतो." "माशाल्ला," ती म्हणाली, आणि बराच वेळ हसत राहिली. मागून नवरा, यल्ला, चल लवकर, लिफ्टला लाइन लागलीय.

तुमची कबर इथून वीस मिनिटांवर आहे. ईदेला जाते मी, पण हे पत्र तिथे नेणार नाही. मी तुम्हाला खोटारडे म्हटलं ती तुमची शेवटची सुट्टी होती, आणि त्यातलं एक अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही निघालात ती दुपार होती, जीप दारात. तुम्ही विचारलंत, पोरगी कुठाय? अम्मी म्हणाली, गेली असेल मैत्रिणीकडे. मी माळ्यावर होते, अब्बा. कौलांखालच्या झरोक्यातून तुम्ही दिसत होतात, डोक्यावरचे विरळ झालेले केससुद्धा. तुम्ही विहिरीकडे पाहिलंत, गोठ्याकडे पाहिलंत, पाय जीपमध्ये ठेवून पुन्हा खाली उतरलात आणि रस्त्याकडे पाहत राहिलात. वर मात्र पाहिलं नाहीत. मी हाक मारली नाही.