सोनाळ्याची गोपनीय यादी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी आमच्या तालुका ऑफिसचा सायबर सुरक्षा अधिकारी. पगार कारकुनाचाच. साहेबांनी विचारलं तेव्हा सगळे मान खाली घालून फायली चाळायला लागले, मी एकटा वर बघत होतो. लायकी शेवटी दिसतेच.

परिपत्रक आलंय : नागरिकांची खासगी माहिती बाहेर जाता कामा नये. ऑफिसात एक चक्कर मारली. शी! मॉनिटरवर चिठ्ठी, चिठ्ठीवर पासवर्ड. साहेबांच्या डिजिटल सहीचा डोंगल शिपाई कचरूच्या खिशात, तंबाखूच्या पुडीसोबत. काऊन बे, म्हटलं, तर म्हणतो साहेबांनीच दिलाय, त्यांनाच विचारा. लोकांच्या आधारकार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, त्याखाली गुड मॉर्निंगचा गुलाब. अक्षरशः किळस आली.

४ नोव्हेंबर
सगळ्यांचे पासवर्ड स्वतः बदलले. लांबलचक, आकडे, चिन्हं, सगळं. कुठेही लिहून ठेवायचे नाहीत, अशी सक्त ताकीद.

५ नोव्हेंबर
सकाळी एकही कम्प्युटर उघडला नाही. माझाही नाही. म्हणजे हॅकरलाही उघडणार नाही! साहेबांना हे पटलं नाही. समज बेताचीच. दुपारी बुलढाण्याहून माणूस येऊन सगळं पूर्ववत करून गेला. मला न विचारता.

७ नोव्हेंबर
निराधार योजनेचे अर्ज घेतले. सोनाळ्याची रुपाली नावाची बाई आली होती. नवरा केव्हाच टाकून गेला. गावात मात्र तिने सांगून ठेवलंय, तो सुरतेला कारखान्यात आहे. दिवाळीला त्याने पाठवली म्हणून साडीही स्वतःच घेते. आता मजुरी झेपत नाही, म्हणून परित्यक्ता म्हणून अर्ज केला. मुलीची सोयरीक जमत आलीय. पाहुण्यांनाही सुरतच माहीत. हात जोडून म्हणाली, कोनाले कळू देऊ नका भाऊ.

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. परिपत्रक वाचून दाखवलं, अगदी उपकलमांसह. अशा लोकांसाठीच मी ही जबाबदारी घेतली.

१० नोव्हेंबर
निराधारांची यादी मंजुरीआधी गावात चावडीवर वाचावी लागते, कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. आमचा तलाठी इंद्रभान दरवर्षी यादी मोबाईलवर मागवतो, चार म्हाताऱ्यांपुढे नुसती नावं भराभरा वाचतो, चहा पितो, झालं. काय हा गलथानपणा! मी बंदी घातली. मोबाईल नाही, ईमेल नाही, पेन ड्राइव्ह नाही, झेरॉक्स नाही. इंद्रभानने विचारलं, मग यादी काय डोक्यात नेऊ? वाह्यात माणूस. सांगितलं, मी स्वतः नेणार आणि मीच वाचणार. एकच प्रत, सीलबंद.

जाताना त्याने बाजूला घेऊन सांगितलं की नुसती नावं वाचा, कारणाचा रकाना सोडून द्या. विचारलं, असं परिपत्रकात कुठे आहे? तो पिशवी उचलून चालता झाला. अर्धवट वाचणं म्हणजे माहितीची मोडतोड. यांना कोण शिकवणार!

१३ नोव्हेंबर, सोनाळा
लिफाफा बनियनच्या आत ठेवून एसटीने आलो. फोन घरीच ठेवला. वासंती म्हणाली, निदान पोचल्याचं तरी कळवा. बायकोला सुरक्षेचं गांभीर्य नाही.

चावडीवर ही गर्दी! तालुक्याचा अधिकारी येतोय असं इंद्रभानने कळवलं असावं. सर्वांसमोर सील फोडलं. मागे एकजण मोबाईलवर शूटिंग करत होता. फोन काढून घेतला, त्याला तिथेच झापलं. मग माईकवरून प्रत्येक नोंद पूर्ण वाचली. नाव, वय, मदतीचं कारण. भोंगा घरघरत होता म्हणून काही नोंदी दोनदा वाचल्या. शेवटी शेवटी गाव चिडीचूप. इतकी शिस्त मी आमच्या ऑफिसात पाहिली नाही.

कोणाचीच हरकत नाही. यादी तिथेच जाळली. आता जगातला कुठलाही हॅकर येऊ दे.

१४ नोव्हेंबर
इंद्रभान माझ्याशी बोलत नाही. जळतो. महिन्याच्या अहवालात माहितीगळतीचा रकाना असतो. तिथे 'निरंक' लिहून बुलढाण्याला पाठवून दिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
रुपाली आली होती. अर्ज परत मागत होती. मुलीकडे येणाऱ्या पाहुण्यांनी येत नाही असा निरोप पाठवला. ज्यांनी बापच खोटा सांगितला, त्यांच्या घरची सून नको म्हणे. मुलगी तिच्याशी बोलत नाही.

मी तिला शांतपणे समजावलं. फोन घरी होता, शूटिंग थांबवलं, यादी जाळली, कम्प्युटरमधून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चोरानं चोरून सांगतलं असतं ना भाऊ, तर खोटं हाय म्हनून मी गावासंग भांडली असती. तुमी सरकारी मानसानं माईकवर वाचलं. आता मी कोनाले खोटं म्हनू?"

परिपत्रक समोरच होतं. उपकलमांसह पुन्हा चाळलं.

तिचा अर्ज परत दिला. पोच घ्यायची राहिली. ती गेल्यावर कचरूने न मागता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. ऑफिसात सगळे पुन्हा मान खाली घालून फायली चाळत होते.

घरी आल्यावर वासंतीने विचारलं, चेहरा का असा? काही नाही म्हटलं. तिने परत विचारलं. ऑफिसची गोपनीय बाब आहे, सांगता येत नाही म्हणालो.